सीमारेषेबाहेरची वही : कांगा लीग आणि क्रिकेटच्या नोंदींचा इतिहास

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत संस्थेच्या अध्यक्षांची नामावली, नाट्यप्रयोगांची छायाचित्रे आणि गणेशोत्सवाचे वृत्तान्त यांना मानाचे स्थान असते, आणि ते योग्यच आहे. महाराष्ट्राबाहेर गेलेल्या मराठी माणसाने आपल्याबरोबर काय काय नेले, याचा तो दाखलाच होय. तथापि गणपती, नाटक आणि दिवाळी अंक यांच्या जोडीने त्याने आणखी एक वस्तू नेली, तिचा उल्लेख स्मरणिकांत क्वचितच आढळतो. ती वस्तू म्हणजे रविवारचे क्रिकेट. दोन पोरे, एक फळी आणि भिंतीवर कोळशाने ओढलेल्या तीन रेघा इतक्या भांडवलावर हा खेळ कोठेही उभा राहतो. पण तो टिकतो, त्याचे सामने होतात आणि सामन्यांची मिळून एक लीग होते, ती मात्र एका निराळ्याच माणसाच्या जोरावर. तो माणूस मैदानावर नसतो. सीमारेषेच्या बाहेर, झाडाच्या सावलीत वा तंबूच्या कडेला, मांडीवर लांबट वही घेऊन तो बसलेला असतो. त्याला पुस्तकी मराठीत गुणलेखक म्हणतात; मैदानावर सर्वजण त्याला स्कोअररच म्हणतात. प्रस्तुत लेखात आम्हांस त्याच्या वहीचा इतिहास सांगावयाचा आहे, आणि त्यासाठी मुंबईच्या कांगा लीगचे उदाहरण घ्यावयाचे आहे.

खाचांपासून वहीपर्यंत

क्रिकेटची नोंद प्रथम कागदावर झालीच नाही. अठराव्या शतकातील इंग्लंडच्या खेड्यांत लाकडी काठीवर चाकूने खाच पाडून धाव मोजली जाई, आणि ठराविक खाचांनंतरची खाच अधिक खोल पाडली जाई, म्हणजे शेवटी मोजणे सोपे. त्यामुळे त्या काळच्या इंग्रजीत धावेला ‘खाच’ असेच म्हटले जाई. आपल्याकडे गवळी दुधाचा हिशेब भिंतीवर रेघा ओढून ठेवीत, त्याच जातीची ही पद्धत. तिच्यात एकूण किती हे कळे. कोणाच्या किती, हे कळत नसे. फलंदाजाचे नाव आणि त्याच्यापुढे त्याच्या धावा ही रीत रुळल्यावरच खेळाला स्मृती प्राप्त झाली. १७९० च्या दशकात सॅम्युएल ब्रिचर या गुणलेखकाने लंडनच्या मेरिलेबोन क्लबच्या सामन्यांच्या धावसंख्या छापून पुस्तिका काढल्या. आज त्या दुर्मीळ आहेत. परंतु त्या नसत्या तर त्या काळातील कित्येक खेळाडूंची नावेही आज कोणास ठाऊक नसती.

तरीही वही म्हणजे वेदवाक्य नव्हे. १८९९ च्या जून महिन्यात इंग्लंडमधील क्लिफ्टन कॉलेजात ए. ई. जे. कॉलिन्स या १३ वर्षांच्या मुलाने वसतिगृहांच्या आपसांतील सामन्यात नाबाद ६२८ धावा केल्या. सामना फावल्या वेळात काही दिवस चालला आणि गुणलेखन शाळेतल्याच मंडळींनी केले. या आकड्यात २० धावा इकडे तिकडे असतील, असे त्या वहीच्या एका गुणलेखकाने मोकळेपणी म्हटल्याचे सांगतात. पुढे ११६ वर्षे हाच आकडा जगातील सर्वोच्च वैयक्तिक धावसंख्या म्हणून मानला गेला. शंका असूनही तो टिकला, कारण ती वही जपली गेली होती. जपलेल्या वहीतील चूक तपासता तरी येते. हरवलेल्या वहीतील सत्य कोणालाच सिद्ध करता येत नाही.

मुंबईची मैदाने

मुंबईत हिंदी लोकांच्या क्रिकेटचा आरंभ पारशी समाजाने केला. १८४८ साली स्थापन झालेला त्यांचा ओरिएंटल क्लब हा हिंदी लोकांचा पहिला क्रिकेट क्लब मानला जातो. पुढे याच एस्प्लनेडच्या मैदानावर गोऱ्यांच्या पोलोच्या घोड्यांनी हिंदी मुलांच्या खेळपट्ट्या उखडल्या आणि त्याविरुद्ध १८८० च्या दशकात अर्जविनंत्यांचा मोठा लढा झाला. त्या लढ्याची हकीगत शापुरजी सोराबजी यांनी १८९७ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, हिंदी क्रिकेटच्या अगदी आरंभीच्या इतिहासग्रंथांपैकी एक ग्रंथ हा मुळात एका तक्रारीचे दफ्तर आहे. अर्ज केव्हा दिला, उत्तर काय आले, जागा कोणी दिली आणि कोणी काढून घेतली, हे ज्यांनी लिहून ठेवले त्यांचीच बाजू पुढील पिढ्यांना समजली.

वहीत काय उतरते आणि काय उतरत नाही, याचेही एक उदाहरण याच काळातले आहे. पळवणकर बाळू पुण्याच्या युरोपियन क्लबात मैदानावरील नोकर म्हणून राबत असत आणि इंग्रज फलंदाजांना सरावासाठी तासन्‌तास गोलंदाजी करीत असत. त्या हजारो चेंडूंची नोंद कोठेही नाही. पुढे हिंदू संघाला त्यांच्या डावखुऱ्या फिरकीची गरज भासली, तेव्हा त्यांना संघात घेतले गेले. पण चहाच्या वेळी त्यांचा चहा तंबूबाहेर, निराळ्या मातीच्या भांड्यात दिला जाई. वहीला षटके, निर्धाव षटके, धावा आणि बळी असे चार रकाने असतात. त्या मातीच्या भांड्यासाठी रकाना नसतो. तरीसुद्धा बाळूंना न्याय मिळवून देण्यात या चार रकान्यांचा वाटा मोठा आहे. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली जो हिंदी संघ इंग्लंडला गेला, त्या दौऱ्यात बाळूंनी शंभराहून अधिक बळी घेतले. जातीमुळे ज्यांना कर्णधारपद नाकारले गेले त्यांची योग्यता नाकारणे मात्र पुढे कोणास शक्य झाले नाही, कारण ती आकड्यांत लिहिली गेली होती. १९२३ साली त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल हे हिंदू संघाचे कर्णधार झाले, आणि त्या वर्षी चौरंगी सामन्यांचे अजिंक्यपद हिंदूंनी मिळविले.

त्याच १९११ च्या संघात बाळूंच्या बरोबर एक पारशी फलंदाज होते, डॉ. होरमसजी कांगा. आमच्या कथेचा पुढील भाग त्यांच्या नावाशी निगडित आहे.

पावसातील लीग

डॉ. कांगा यांच्या स्मरणार्थ १९४८ साली मुंबईत ही लीग सुरू झाली. जगात इतरत्र पाऊस आला की क्रिकेट थांबते. या लीगचा मोसमच मुळी पावसाळ्याचा. ओली, न झाकलेली खेळपट्टी, गुडघ्याशी येणारे गवत, जमिनीलगत मारलेला चेंडू दहा पावलांवर अडकून पडावा अशी स्थिती. येथे फलंदाजाने शंभर धावा करणे ही वर्षानुवर्षे बोलण्याची गोष्ट ठरते आणि पन्नास धावांना इतरत्रच्या शतकाचे मोल असते. अशा खेळपट्टीवर ज्याचे तंत्र टिकले, त्याचे कोठेही टिकते, अशी मुंबईकरांची श्रद्धा. १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत मुंबईने सलग १५ वर्षे रणजी करंडक जिंकला, त्याच्या मुळाशी जी अनेक कारणे सांगितली जातात त्यांत या चिखलातील शिक्षणाचा क्रम वरचा लागतो.

परंतु आमचा विषय फलंदाजीचा नाही, व्यवस्थेचा आहे. या लीगमध्ये ‘ए’ पासून ‘जी’ पर्यंत सात विभाग आणि प्रत्येक विभागात १४ संघ अशी रचना रूढ झाली. म्हणजे ९८ संघ. सर्व संघ मैदानात उतरले तर एका रविवारी ४९ सामने. प्रत्येक संघ आपल्या विभागातील इतर संघांशी एकेकदा खेळला तर एका विभागात ९१ आणि सात विभागांत मिळून ६३७ सामने. दर सामन्यात २२ खेळाडू, दोन पंच, दोन गुणलेखक, दोन वह्या. आझाद मैदानावर २२ खेळपट्ट्या एकमेकींना इतक्या लागून आहेत की एका सामन्याचा सीमारेषेवरील क्षेत्ररक्षक दुसऱ्या सामन्याच्या पंचाशेजारी उभा असतो. परक्याला हा निव्वळ गोंधळ वाटतो. वास्तविक तेथे प्रत्येक चेंडूला मालक असतो, आणि तो चेंडू कोणत्या सामन्याचा, कोणत्या षटकातला आणि कोणाचा, हे सांगणारी एक पेन्सिल जवळपास चालू असते.

हा सर्व पसारा हौशी माणसांनी चालविला. खेळाडू गिरणीत, बँकेत, रेल्वेत वा शाळेत नोकरी करणारे. क्लबचे चिटणीस मानद, म्हणजे पगार नाही आणि बोलणी मात्र भरपूर. शनिवारी संध्याकाळी अकरा जण जमतील याची खातरी करणे, संघाच्या सामानाची पेटी लोकलच्या डब्यातून नेणे, सामना पावसाने वाहून गेला तर तसे कळविणे, आणि रात्रीच्या आत धावसंख्या वर्तमानपत्राच्या कचेरीत पोहोचविणे, ही सारी कामे त्याच्याकडे. सोमवारच्या अंकात बारीक टाइपात स्थानिक सामन्यांचे निकाल येत. १९६२ साली निघालेल्या ‘महाराष्ट्र टाइम्स’मध्ये वि. वि. करमरकरांनी मराठी क्रीडापत्रकारितेला जी प्रतिष्ठा मिळवून दिली, तिच्यामुळे अशा निकालांकडे वाचकही गंभीरपणे पाहू लागले. त्या चार ओळींत आपले आडनाव छापून आले की घरोघरी ते कात्रण जपून ठेवले जाई. पुष्कळ कुटुंबांत आजोबांच्या क्रिकेटचा तेवढाच एक पुरावा आज शिल्लक आहे.

वहीची रीत

वही भरणे हे केवळ कारकुनी काम आहे, असा समज असेल तर तो दूर केला पाहिजे. क्रिकेटच्या नियमांत दोन गुणलेखक असावेत असे सांगितले आहे, आणि त्यांनी एकमेकांशी वेळोवेळी पडताळा घ्यावा अशी अपेक्षा आहे. पंचाने हात वर करून दिलेली खूण आपण पाहिली, असे गुणलेखकाने हात दाखवून कळवावयाचे असते; तोवर पंचाने पुढचा चेंडू टाकू देऊ नये. सामन्याचे भवितव्य अकरा-अकरा जणांच्या हाती असले, तरी त्याचा पुरावा या हात दाखविण्यावर अवलंबून असतो.

वहीचे सौंदर्य असे की ती दोन वाटांनी जाऊन एकाच ठिकाणी पोहोचते. समजा, एका डावात फलंदाजांच्या धावा ११८ झाल्या आणि अवांतर १४ मिळाल्या, बेरीज १३२. आता दुसऱ्या वाटेने जाऊ. अवांतर १४ पैकी बाय आणि लेगबाय मिळून ८, वाईड आणि नोबॉल मिळून ६. गोलंदाजांच्या नावे ११८ अधिक ६, म्हणजे १२४. त्यांत ८ मिळविले की पुन्हा १३२. दोन्ही बेरजा जुळल्या तर वही शुद्ध. एका धावेचा जरी फरक पडला, तरी षटकामागून षटक उलटून तो शोधावा लागतो. किराणा दुकानातील रोजकीर्द जुळविणाऱ्या मुनिमाला हे सांगावे लागणार नाही.

यातही एक मेख आहे. वाईड व नोबॉलच्या धावा गोलंदाजाच्या नावे मांडण्याची पद्धत १९८० च्या दशकात आली; त्यापूर्वी त्या केवळ अवांतरात जमा होत. तेव्हा १९५० ची वही उघडून आजच्या रीतीने बेरीज करणाऱ्यास ती चुकलेली भासेल, आणि तो ‘दुरुस्ती’ करावयास जाईल. वरच्याच डावात जुन्या रीतीने गोलंदाजांच्या नावे ११८ च दिसतील, आणि तेच बरोबर असेल. म्हणून जुनी नोंद तिच्या काळच्या नियमांनीच वाचली पाहिजे. इतिहासाच्या सर्वच कागदांना हा न्याय लागू आहे.

जुन्या वहीत आणखी एक उणीव होती. फलंदाजापुढे ‘१, ४, २, १’ असे आकडे असत. पण त्याने किती चेंडू खेळले आणि कोणत्या गोलंदाजाला कोणता फटका मारला, ते कळत नसे. ऑस्ट्रेलियाचे विल्यम फर्ग्युसन १९०५ पासून अनेक संघांबरोबर गुणलेखक म्हणून जगभर हिंडले आणि त्यांनी प्रत्येक षटकाला एक ओळ देऊन चेंडूगणिक नोंद करण्याची पद्धत नावारूपास आणली. पुढे १९६६ पासून बी.बी.सी.चे गुणलेखक असलेल्या बिल फ्रिंडॉल यांनी ती अधिक रेखीव केली. आपल्याकडे आकाशवाणीच्या समालोचकांना आकडे पुरविणारे मुंबईचे आनंदजी डोसा यांनी आयुष्यभर हिंदुस्थानी क्रिकेटचे आकडे जमविले. २०१४ साली ते निवर्तले. त्यांच्याच परंपरेतील सुधीर वैद्य यांचे नावही मराठी क्रिकेटप्रेमींना सुपरिचित आहे. संगणक नसताना, केवळ वह्या आणि कात्रणे यांच्या आधारे या मंडळींनी जे काम केले, त्यावर आजचे सारे शास्त्र उभे आहे.

तीन साक्षी

नोंदीचे मोल किती, हे सांगण्यास महाराष्ट्राच्या इतिहासातील तीन प्रसंग पुरेसे आहेत.

पहिला, ज्या वर्षी कांगा लीग सुरू झाली त्याच १९४८ सालातील. डिसेंबर महिन्यात पुणे क्लबच्या मैदानावर महाराष्ट्राच्या भाऊसाहेब निंबाळकरांनी काठेवाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा केल्या. ब्रॅडमनच्या नाबाद ४५२ धावांचा त्या वेळचा विक्रम केवळ ९ धावांवर होता. महाराष्ट्राची धावसंख्या ४ बाद ८२६ झाली असताना काठेवाडच्या कर्णधाराने पुढे खेळण्यास नकार दिला आणि सामना तेथेच सोडून दिला. भाऊसाहेबांना अधिकृत कसोटी सामना कधीही खेळावयास मिळाला नाही. २०१२ साली ते गेले, तेव्हा जगभरच्या वृत्तपत्रांनी त्यांची दखल घेतली ती त्या एका ओळीमुळे. ती ओळ त्यांच्यापासून कोणी हिरावू शकले नाही.

दुसरा प्रसंग १९८८ च्या फेब्रुवारीतील. आझाद मैदानावर हॅरिस शील्डच्या उपान्त्य सामन्यात शारदाश्रम विद्यामंदिराच्या विनोद कांबळी आणि सचिन तेंडुलकर या मुलांनी सेंट झेवियर्सविरुद्ध ६६४ धावांची अभंग भागीदारी केली. कांबळी नाबाद ३४९, तेंडुलकर नाबाद ३२६, संघाच्या २ बाद ७४८. तो जागतिक विक्रम आहे, हे ठरले कशावरून? १९१३-१४ च्या मोसमात ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया प्रांतात बफेलो आणि व्होरोली या दोन लहानशा गावांच्या संघांतील सामन्यात ६४१ धावांची भागीदारी झाली होती, आणि तिची नोंद शिल्लक होती. दूरच्या एका खेड्यातील हौशी गुणलेखकाने ७४ वर्षांपूर्वी पेन्सिल नीट चालविली, म्हणून मुंबईच्या दोन शाळकरी मुलांचे यश मोजता आले. पुढे २००६ साली हैदराबादच्या शालेय सामन्यात ७२१ धावांची भागीदारी झाली, आणि ती मोजण्यास आझाद मैदानाची वही उपयोगी पडली.

तिसरा प्रसंग अगदी अलीकडचा. २०१६ च्या जानेवारीत ४ आणि ५ तारखांना कल्याण येथे भंडारी चषकाच्या आंतरशालेय सामन्यात के. सी. गांधी हायस्कूलच्या प्रणव धनावडे याने नाबाद १००९ धावा केल्या आणि कॉलिन्सचा विक्रम मागे टाकला. त्याच्या शाळेने ३ बाद १४६५ वर डाव घोषित केला. प्रतिपक्षाचे डाव ३१ आणि ५२ धावांत आटोपले. विजय एक डाव आणि १३८२ धावांनी. अशा सामन्यात प्रतिस्पर्धी दुबळे होते, सीमारेषा जवळ होती, असे आक्षेप घेतले गेले, आणि ते विचारात घेण्याजोगे आहेत. पण गुणलेखकाच्या दृष्टीने पाहता ही कसोटी असामान्य होती. १२९ चौकार आणि ५९ षटकार, म्हणजे ८७० धावा. उरलेल्या १३९ पळून काढलेल्या. दोन दिवस अशा वर्षावात वही सांभाळणे सोपे नव्हे. त्याने किती चेंडू खेळले याविषयी निरनिराळ्या वृत्तान्तांत ३२३ आणि ३२७ असे दोन आकडे आढळतात. धावा वादातीत, चेंडूंत चारांचा फरक! कॉलिन्सच्या वहीतील ‘इकडे तिकडे’ आणि कल्याणचे चार चेंडू यांच्यामध्ये शंभराहून अधिक वर्षांचे अंतर आहे. मनुष्याचा हात मात्र तोच आहे.

यंत्राचे युग

यंत्राने हा हात सुधारेल का? १९९३ साली परदेशी विद्यापीठांत असलेल्या काही क्रिकेटवेड्या मंडळींनी संगणकाच्या जाळ्यावरून एकमेकांना धावसंख्या कळविण्यासाठी ‘क्रिकइन्फो’ सुरू केले. मिनेसोटा विद्यापीठातील सायमन किंग या इंग्रज संशोधकाने आरंभ केलेल्या त्या कामात अमेरिकेत शिकणाऱ्या हिंदी विद्यार्थ्यांनी हौसेने हातभार लावला. घरापासून दूर असलेल्या आणि वर्तमानपत्र न मिळणाऱ्या माणसांची ती गरज होती. परप्रांती मराठी माणसाला ही भूक निराळी समजावून सांगण्याचे कारण नाही.

आज स्थानिक लीगचा गुणलेखक मोबाइलवरील अ‍ॅपमध्ये प्रत्येक चेंडू टिपतो. बेरीज आपोआप जुळते, गुणतक्ता सामना संपताच तयार होतो, आणि नागपूरला बसलेली आजी गुरगावातील नातवाची खेळी चेंडूगणिक पाहू शकते. हा लाभ मोठा आहे, आणि ‘आमच्या वेळी असे नव्हते’ म्हणून त्याला नाक मुरडणे आम्हांस मान्य नाही. परंतु लीगच्या नोंदी नव्या पद्धतीवर नेताना काही गोष्टी पाळल्या नाहीत, तर लाभाचे नुकसान होते.

पहिली गोष्ट नावाची. मराठी लीगमध्ये ‘एस. पाटील’ किंवा ‘ए. कुलकर्णी’ हे एका वेळी तीन असू शकतात. वहीला ते चालत असे, कारण वही लिहिणारा तिघांनाही ओळखत असे. यंत्र कोणास ओळखत नाही. ते तिघांच्या धावा एकाच्या खात्यावर जमा करील, किंवा एकाच माणसाचे तीन तुकडे करील. म्हणून प्रत्येक खेळाडूस नोंदणी क्रमांक देणे आणि पूर्ण नाव एकाच रीतीने लिहिणे, ही सुधारणेची पहिली पायरी होय. दुसरी गोष्ट पडताळ्याची. यंत्र बेरीज चुकत नाही. पण लेगबाय फलंदाजाच्या नावे टाकली तर तीही ते बिनचूक मिळविते. म्हणून गुणलेखक दोनच असावेत, आणि सामन्याअखेर दोन्ही कर्णधार व पंच यांची सही असलेले पत्रक राहावे. तिसरी गोष्ट मालकीची. अ‍ॅप चालविणारी कंपनी उद्या बंद पडली किंवा तिने दर वाढविले, तर वीस वर्षांच्या नोंदी कोठे जातील? प्रत्येक मोसमाअखेर त्या नोंदींची प्रत काढून संस्थेच्या स्वतःच्या दप्तरात ठेवली पाहिजे, आणि तिची एक कागदी प्रतही. चौथी गोष्ट जुन्या वह्यांची. त्यांची छायाचित्रे काढताना प्रत्येक पानाबरोबर मुखपृष्ठ आणि समासातील शेरेही घ्यावेत. ‘पावसामुळे खेळ थांबला’, ‘अमुक जखमी, पर्यायी क्षेत्ररक्षक आला’ असे शेरे आकड्यांइतकेच मोलाचे असतात. आणि छायाचित्र निघाले म्हणून मूळ वही रद्दीत घालू नये.

ज्यांची वहीच नाही, त्यांचे काय, हाही प्रश्न आहे. १९७३ साली पुण्यात महिलांची पहिली आंतरराज्य क्रिकेट स्पर्धा झाली, तेव्हा मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश असे तीनच संघ होते. त्या पिढीतील मुलींनी स्वखर्चाने, दुसऱ्या दर्जाच्या डब्यातून प्रवास करून हा खेळ उभा केला. २००६ साली त्यांचा कारभार नियामक मंडळात विलीन झाला. त्यांच्या आरंभीच्या स्थानिक सामन्यांच्या नोंदी पुरुषांच्या मानाने विरळ आहेत. ज्या भगिनी तेव्हा खेळल्या, त्यांच्यापैकी अनेक आज आजी आहेत आणि आपल्यासारख्याच मंडळांतून वावरत आहेत. त्यांना विचारून लिहून घेण्यास अजून अवसर आहे.

आपल्या मंडळांचे कर्तव्य

परप्रांतातील मराठी माणसाचा क्रिकेटशी संबंध हौशी रविवारपुरता नव्हता. सांगलीत जन्मलेले विजय हजारे बडोद्याचे झाले, आणि १९४७ च्या मार्चमध्ये त्यांनी गुल महंमद यांच्यासह होळकर संघाविरुद्ध चौथ्या गड्यासाठी ५७७ धावांची भागीदारी केली. हिंदू आणि मुसलमान यांच्यात देशभर आग पेटलेली असताना एका संघाचे हे दोन खेळाडू बडोद्याच्या मैदानावर तासन्‌तास एकमेकांना धावेसाठी हाक देत होते. आणि ती जोडी वहीत कायमची एकत्र राहिली, जरी पुढे गुल महंमद पाकिस्तानात गेले. इंदूरच्या होळकर संघाने १९४५-४६ साली म्हैसूरविरुद्ध ८ बाद ९१२ धावा केल्या, त्यात सहा शतके होती. त्याच संघातले, सागरला जन्मलेले चंदू सरवटे यांनी १९४६ साली इंग्लंडमध्ये सरेविरुद्ध बंगालच्या शुटे बॅनर्जींबरोबर शेवटच्या गड्यासाठी २४९ धावा जोडल्या. दहाव्या आणि अकराव्या क्रमांकाच्या फलंदाजांची ती शतके आजही अजोड मानली जातात. सरवटे पेशाने बोटांच्या ठशांचे तज्ज्ञ होते. पुराव्याचे मोल त्यांना वेगळे सांगावे लागले नसेल.

ही मोठी नावे झाली. त्यांच्या वह्या कोणी तरी जपल्याच असत्या. आम्हांस चिंता आहे ती लहान नावांची. पन्नास वर्षांत आपल्यासारख्या मंडळांनी गणेशोत्सवात, महाराष्ट्र दिनी आणि थंडीच्या रविवारी किती सामने खेळविले असतील! कारखान्याच्या वसाहतीविरुद्ध, बंगाली वा तमिळ संघांविरुद्ध, विवाहित विरुद्ध अविवाहित. त्यांची वही कोणाच्या तरी माळ्यावर, जुन्या पेटीत, नाटकाच्या वेषभूषेखाली दबलेली असते. आणि बदली झाली किंवा घर विकले, की ती रद्दीत जाते. तिच्याबरोबर केवळ धावा जात नाहीत. १९७० साली या गावात कोण कोण मराठी माणसे होती, कोणाबरोबर खेळत होती, त्यांना कोणी आपल्यात घेतले होते, याची ती हजेरीपटासारखी साक्ष असते. नोकरीसाठी आलेल्या आणि नोकरी संपताच निघून गेलेल्या कित्येक कुटुंबांचे नाव या गावात फक्त अशाच एखाद्या पानावर उरलेले असते.

म्हणून सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने आमची वाचकांना विनंती आहे. ज्यांच्या घरी अशी वही, कात्रण किंवा संघाचे छायाचित्र असेल त्यांनी ते मंडळाकडे दाखविण्यापुरते तरी द्यावे. छायाचित्राच्या मागे, डावीकडून कोण कोण उभे आहेत, हे आज ज्यांना आठवते त्यांनी आजच लिहावे. तरुण मंडळींनी त्या पानांची संगणकावर नोंद करावी. हे काम त्यांना आमच्यापेक्षा अधिक चांगले येते. आणि पुढील मोसमात सामन्याच्या दिवशी धावसंख्या मोबाइलवर चालू असली, तरी सीमारेषेबाहेर एक लांबट वही आणि टोक केलेल्या दोन पेन्सिली असाव्यात. हीरकमहोत्सवाची स्मरणिका जे काढतील, त्यांना तिचा उपयोग होईल.